यलोस्टोन नीट बघायचं असेल तर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सविस्तर आखणी

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जाऊन आलेल्या कुणाशीही बोलताना मी आधी विचारतो, किती दिवस होतात? उत्तर बहुतेक वेळा "दीड दिवस" असं येतं. म्हणजे ओल्ड फेथफुल हा गीझर (थांबून थांबून उसळणारा गरम पाण्याचा झरा) पाहून झाला, रस्त्यात बायसन (अमेरिकी रानगवे) दिसले आणि बाकीचा वेळ गाडीत गेला. माझी पहिली फेरीही अशीच झाली. दुसऱ्यांदा पाच दिवस हाताशी ठेवून गेलो, तेव्हा कळलं की इथलं वेळापत्रक आपण ठरवायचं नसतं. गीझर त्याच्या वेळेला उडतो, लांडगे पहाटे दिसतात आणि बायसनचा कळप रस्ता ओलांडायला लागेल तेवढा वेळ घेतो. इथे हुकणाऱ्या गोष्टी आणि होणारे अपघात, दोन्हींच्या मुळाशी बहुधा घाईच असते. म्हणून खालची सगळी आखणी घाई टाळण्यासाठी केलेली आहे.

आधी आवाका समजून घ्या. 1 मार्च 1872 रोजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी सही केली आणि जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आलं. त्याचं क्षेत्रफळ सुमारे 8,983 चौरस किलोमीटर आहे. बहुतेक भाग वायोमिंग राज्यात येतो, कडा मोंटाना आणि आयडाहोत जातात. जमिनीखाली अजून तापलेला ज्वालामुखी आहे. त्याचा शेवटचा महाउद्रेक साधारण 6 लाख 40 हजार वर्षांपूर्वी झाला आणि त्यातून झालेल्या प्रचंड खळग्यातच उद्यानाचा मोठा भाग वसलाय. त्याच उष्णतेवर इथली दहा हजारांहून अधिक कुंडं, गीझर, चिखलकुंडं आणि वाफारे चालतात. जगातले निम्म्याहून अधिक सक्रिय गीझर या एका उद्यानात आहेत.

पायरी 1: महिना ठरवा

उद्यान बारा महिने उघडं असलं तरी रस्ते तसे नसतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्याच्या पुढेपर्यंत बहुतेक रस्ते खासगी गाड्यांना बंद असतात. वर्षभर मोटारीने जाता येतं ते फक्त उत्तरेच्या गार्डिनरपासून ईशान्येच्या कुक सिटीपर्यंत. एप्रिलमध्येही सगळे रस्ते एकदम उघडत नाहीत, टप्प्याटप्प्याने उघडतात. डनरेव्हन खिंडीसारखा उंचावरचा रस्ता सर्वांत शेवटी, मेच्या अखेरीस.

जुलै-ऑगस्टमध्ये सगळं उघडं असतं आणि गर्दीही सर्वाधिक असते. वर्षाला चाळीस लाखांहून जास्त माणसं येतात, त्यातली बरीचशी याच दोन महिन्यांत. माझी पसंती दोन काळांना. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत बायसनची तांबूस पिल्लं आयांच्या मागे धावत असतात, अस्वलं खालच्या कुरणांत उतरलेली असतात आणि धबधबे भरून वाहतात. दुसरा काळ सप्टेंबरचा. हवा स्वच्छ, गर्दी कमी, आणि एल्क या मोठ्या हरणाच्या नराची शीळ संध्याकाळी दऱ्यांत घुमते. एवढ्या थोराड प्राण्याच्या गळ्यातून इतका बारीक, चिरका आवाज निघतो हे ऐकल्याशिवाय खरं वाटत नाही.

कुठलाही महिना निवडा, कपडे थरांत घ्या. उद्यानाचा बहुतेक भाग समुद्रसपाटीपासून 2,200 मीटरहून उंच आहे. दुपारी शर्टावर फिराल, पहाटे टोपी आणि हातमोजे लागतील. बर्फ कुठल्याही महिन्यात पडू शकतं. या उंचीवर पहिल्या दिवशी धाप लागते, तेव्हा पाणी भरपूर प्या आणि मोठी चढण पहिल्याच दिवशी घेऊ नका.

पायरी 2: मुक्काम आणि दार

प्रवेशदारं पाच आहेत: उत्तरेला गार्डिनर, ईशान्येला कुक सिटीजवळ, पश्चिमेला वेस्ट यलोस्टोन, पूर्वेला कोडीकडून येणारं आणि दक्षिणेला ग्रँड टीटन उद्यानातून येणारं. विमानाने येणाऱ्यांना बहुधा बोझमन किंवा जॅक्सन सोयीचं पडतं. उद्यानात सार्वजनिक बस नाही, त्यामुळे गाडी हवीच. नाहीतर मार्गदर्शक सहल घ्यावी लागते.

मुक्काम शक्यतो उद्यानाच्या आत करा. आतल्या लॉजमधल्या खोल्या वर्षभर आधीपासून भरत जातात, पण रद्द झालेल्या खोल्याही सतत परत येत असतात. रोज सकाळी एकदा संकेतस्थळ पाहण्याची चिकाटी ठेवली तर आयत्या वेळी जागा मिळते, मला दोनदा मिळाली आहे. खोल्या साध्या असतात, बऱ्याच ठिकाणी टीव्ही नसतो. त्याच्या बदल्यात पहाटेचे दोन तास मिळतात आणि यलोस्टोनमध्ये ते दोन तास सोन्याचे. ओल्ड फेथफुल इन ही 1904 साली उघडलेली अवाढव्य ओंडक्यांची इमारत आहे. तिथे राहिला नाहीत तरी आत जाऊन तिची दगडी शेकोटी पाहून या.

एकाच ठिकाणी चार रात्री काढण्यापेक्षा दोन ठिकाणी दोन-दोन रात्री काढा. पहिल्या दोन ओल्ड फेथफुल किंवा वेस्ट यलोस्टोनला, पुढच्या दोन कॅन्यन, मॅमथ किंवा गार्डिनरला. मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, सुमारे 142 मैलांचा आहे. वेगमर्यादा ताशी 45 मैल, त्यात वळणं, थांबलेल्या गाड्या आणि मध्येच उभे राहिलेले बायसन. नकाशावर एक तास दिसला तर दीड तास धरा.

पायरी 3: शुल्क आणि फोन

खासगी गाडीचं प्रवेशशुल्क सात दिवसांसाठी 35 डॉलर आहे. 2026 पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या, 16 वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला यलोस्टोनसह 11 उद्यानांत माणशी 100 डॉलर जादा पडतात. त्यांच्यासाठी सर्व राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास 250 डॉलरला आहे, रहिवाशांसाठी तोच 80 डॉलरला. भारतातून आलेले दोघे जण फक्त यलोस्टोन पाहणार असतील तर 235 डॉलर होतात. शेजारचं ग्रँड टीटनही त्या 11 उद्यानांत आहे आणि तिथे बहुतेक सगळे जातातच, म्हणजे पास घेणंच परवडतं. निघण्यापूर्वी राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर ताजे दर आणि रस्त्यांची स्थिती पाहून घ्या.

मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज मिळत नाही. राष्ट्रीय उद्यान सेवेचं ॲप घरूनच डाउनलोड करा आणि त्यातली यलोस्टोनची माहिती ऑफलाइन साठवून ठेवा. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरून घ्या.

पायरी 4: गीझरच्या परिसरात एक पूर्ण दिवस

गीझर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाणी तापवायचं यंत्र येतं. मूळ शब्द आइसलँडमधल्या 'गेसीर' नावाच्या एका उसळत्या झऱ्याचा. त्याचं काम कसं चालतं ते आधी समजलं की वाट पाहण्यात गोडी येते. पावसाचं आणि बर्फाचं पाणी खोल मुरतं आणि तापतं. वरच्या पाण्याच्या भारामुळे ते उकळबिंदूच्या पुढे जाऊनही वाफ होत नाही. खडकातल्या वाटेत कुठेतरी अरुंद गळा असतो, तिथे दाब कोंडतो. मग थोडं पाणी वरून सांडतं, भार हलका होतो आणि खालच्या पाण्याची क्षणात वाफ होऊन सगळा स्तंभ वर फेकला जातो.

ओल्ड फेथफुल साधारण दीड तासाने उडतो. मागचा उद्रेक छोटा असेल तर पुढचा लवकर येतो, लांबला असेल तर उशिरा. याच हिशोबावर रेंजर दहा मिनिटं इकडेतिकडे धरून वेळ सांगतात. पाणी सरासरी 40 मीटर उंच जातं आणि खेळ दीड ते पाच मिनिटं चालतो. तो पाहून लगेच पार्किंगकडे पळणारी गर्दी जाऊ द्या. खरा दिवस तिथून पुढे सुरू होतो.

माहिती केंद्रातला फलक किंवा ॲप पाहून ग्रँड, रिव्हरसाइड, कॅसल आणि डेझी या चार गीझरच्या अंदाजित वेळा लिहून घ्या. ज्यांची वेळ सांगता येते अशा गीझरांमध्ये ग्रँड जगात सर्वांत उंच, जवळपास 60 मीटरपर्यंत जातो. त्याच्यासाठी दीड-दोन तास बाकावर बसायची तयारी ठेवा. खाणं, पाणी आणि उन्हाची टोपी जवळ असली तर ते जड जात नाही.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो रिव्हरसाइड. तो फायरहोल नदीच्या पलीकडच्या काठावर आहे. उडण्याच्या तासभर किंवा त्याहून थोडं आधी त्याच्या तोंडातून पाणी नदीत ओघळायला लागतं आणि काळा खडक चमकायला लागतो. एका संध्याकाळी तिथे आम्ही पंधरा-वीस जण असू. ओघळ कधी वाढायचा, कधी मंदावायचा. मग एकदम पाण्याची तिरकी कमान नदीवर पडली, वीसेक मिनिटं पडत राहिली आणि मावळतीच्या उन्हात तिच्या पायाशी इंद्रधनुष्य उमटलं. कुणीही बोलत नव्हतं. कमान बसली तरी वाफेचा फुत्कार बराच वेळ चालू होता.

तिथून थोडं पुढे मॉर्निंग ग्लोरी हे कुंड आहे. एके काळी ते पूर्ण निळं होतं. लोकांनी वर्षानुवर्षं नाणी आणि कचरा टाकला, गरम पाण्याचं तोंड चोंदलं, पाणी थंड झालं आणि काठावरचे पिवळे-नारिंगी सूक्ष्मजीव मधोमध सरकत आले. आज दिसणारा रंग सुंदर आहे, पण तो माणसांच्या हातून झालेल्या इजेचा रंग आहे. मुलांना हे कुंड दाखवून ही गोष्ट जरूर सांगा.

पायवाट सोडायची नाही, का ते ऐका

यलोस्टोनमध्ये गरम पाण्याने वीसहून अधिक माणसांचे जीव घेतलेत. कुंडातल्या पाण्यात विरघळलेली सिलिका काठाला साचते आणि दुधावर साय धरावी तसा तिचा थर कडेकडेने पाण्यावर पसरतो. वरून तो पांढरा, कोरडा, भक्कम दिसतो. खाली उकळतं पाणी असतं. त्या उंचीवर पाणी साधारण 93 अंशांनाच उकळतं, पण भाजायला तेवढं पुरेसं आहे, आणि नॉरिससारख्या ठिकाणी ते आम्लयुक्तही असतं. 2016 साली नॉरिसमध्येच पायवाट सोडून गेलेला एक तरुण कुंडात पडून दगावला.

म्हणून सोबतच्या प्रत्येकाला गाडीतून उतरण्यापूर्वीच हे सांगा. लहान मुलांचा हात लाकडी पायवाटेवर क्षणभरही सोडू नका. वाऱ्याने टोपी उडाली, फोन पडला, तर तो गेला असं समजा आणि रेंजरना कळवा. पाण्यात बोट घालून पाहायचं नाही, काही टाकायचं नाही. ड्रोनला बंदी आहे. 2014 साली एका पर्यटकाचा ड्रोन थेट ग्रँड प्रिझमॅटिक कुंडात पडला होता. कुत्र्यांना पायवाटांवर नेता येत नाही.

जमीन स्वतःही बदलते. 23 जुलै 2024 रोजी बिस्किट बेसिनमध्ये कोंडलेल्या वाफेचा स्फोट होऊन दगड आणि चिखल उंच उडाला, पायवाट मोडली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. त्यानंतर तो भाग बंद करण्यात आला. तेव्हा 'बंद' अशी पाटी दिसली तर तिच्यामागे सबळ कारण आहे असं धरून चाला.

पायरी 5: ग्रँड प्रिझमॅटिक आणि नॉरिस

ग्रँड प्रिझमॅटिकला बहुतेक जण सकाळी पहिल्यांदा जातात आणि नुसती वाफ पाहून परततात. थंड हवेत वाफ इतकी दाटते की रंग दिसत नाहीत. दुपारी ऊन वर आल्यावर जा. शिवाय कुंडाला लागून असलेल्या पायवाटेवरून त्याचा आकार कळत नाही. थोडं दक्षिणेला फेअरी फॉल्सची वाट सुरू होते. तिथून सुमारे एक किलोमीटरवर, थोडी चढण चढून, वरून पाहायची जागा आहे. मधली निळाई आणि भोवतीची हिरवी, पिवळी, नारिंगी वलयं तिथून एका नजरेत येतात. मधलं पाणी फार गरम असतं, कडेला ते निवत जातं आणि प्रत्येक तापमानाला तिथे मानवणारे जीव राहतात. रंगांची वलयं म्हणजे तापमानाचा नकाशाच.

याच जीवांमुळे जगाचं फार मोठं काम झालं. 1966 साली थॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञाला इथल्या एका कुंडात 'थर्मस अक्वाटिकस' हा जीवाणू सापडला. त्याचं उष्णतेत न बिघडणारं विकर पुढे पीसीआर या डीएनएच्या प्रती काढण्याच्या तंत्रात वापरलं गेलं. कोविडच्या काळात पीसीआर चाचणीसाठी घशातला नमुना दिलेल्या कुणाचाही या कुंडांशी असा दूरचा संबंध आहे.

नॉरिस हा उद्यानातला सर्वांत तापलेला भाग. एका चाचणीत सुमारे 330 मीटर खोलीवर 237 अंश तापमान मिळालं होतं. इथला स्टीमबोट हा सध्या सक्रिय असलेल्यांत जगातला सर्वांत उंच गीझर, 90 मीटरहून वर जाणारा, पण तो कधी उडेल हे कुणीच सांगू शकत नाही. त्याच्यासाठी दिवस राखू नका. पोर्सिलेन बेसिनच्या फळ्यांवरून चालताना दोन्ही बाजूंनी येणारा फुसफुसाट आणि कुजक्या अंड्यांसारखा वास यासाठी तासभर पुरे. मॅमथला चुनखडीच्या पायऱ्या आहेत, तिथे पाणी आपली वाट बदलत राहतं, म्हणून काही पायऱ्या जिवंत, काही कोरड्याठाक दिसतात. वेळ कमी असेल तर मॅमथ आटोपतं घ्या.

पायरी 6: प्राण्यांसाठी पहाट

दोन पहाटा राखून ठेवा. एक लामार खोऱ्यासाठी, एक हेडन खोऱ्यासाठी. सूर्य उगवायच्या वेळी तिथे हजर असायला हवं, म्हणजे मुक्कामावरून अंधारातच निघायला हवं. नाश्ता गाडीत ठेवा.

लांडगे इथून 1926 पर्यंत संपवण्यात आले होते. 1995 आणि 1996 साली कॅनडातून 31 लांडगे आणून सोडले आणि आज त्यांच्या टोळ्या मोकळ्या फिरतात. साध्या डोळ्यांना ते बहुधा ठिपक्याएवढे दिसतात. निदान दुर्बीण हवी, भाड्याने स्पॉटिंग स्कोप (तिकाटण्यावर लावायची शक्तिशाली दुर्बीण) मिळाला तर उत्तम. रस्त्याकडेला तिकाटण्यांवर स्कोप लावून उभी असलेली माणसं दिसली तर गाडी नीट बाजूला लावा, हळू आवाजात विचारा. त्यातले काही जण वर्षानुवर्षं येणारे असतात आणि आपणहून म्हणतात, या, बघा. मला पहिला लांडगा असाच एका अनोळखी आजींच्या स्कोपमधून दिसला. करडी मादी होती, बर्फाच्या पट्ट्यावर अंग टाकून जांभई देत होती.

अंतराचा नियम साधा आहे. अस्वल, लांडगे आणि कूगर (पहाडी सिंह) यांच्यापासून किमान 100 यार्ड, म्हणजे सुमारे 91 मीटर. बाकी सगळ्या प्राण्यांपासून 25 यार्ड, म्हणजे सुमारे 23 मीटर. प्राणी जवळ आला तर मागे सरकणं आपलं काम. इथे सर्वाधिक माणसांना जखमी केलंय ते बायसनने. तो गायीसारखा संथ चरत असतो आणि तिथेच माणूस फसतो. नर 900 किलोपर्यंत भरतो आणि माणसाच्या तिप्पट वेगाने धावतो. शेपटी उभी झाली, डोकं झटकायला लागला, पायाने माती उकरायला लागला, की त्याने बजावलं असं समजा. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्यांचा माजाचा काळ, तेव्हा आणखी लांब राहा. कळप रस्त्यावर आला तर गाडीतच बसा, हॉर्न वाजवू नका. काचेपलीकडून त्यांचा श्वास ऐकू येतो.

पिल्लू एकटं दिसलं तरी हात लावायचा नाही. 2016 साली पर्यटकांनी बायसनचं पिल्लू गारठलंय असं समजून गाडीत घातलं. कळपाने त्याला परत घेतलं नाही आणि शेवटी त्याला मारावं लागलं. मदत करण्याच्या भावनेतून झालेली ही गोष्ट आहे, म्हणून ती लक्षात ठेवावी अशी.

चौथा दिवस कॅन्यनला द्या. सकाळी हेडन खोरं, मग आर्टिस्ट पॉइंटवरून 94 मीटरचा लोअर फॉल्स. दरीच्या पिवळट, गुलाबी भिंती गरम पाण्याने मुरत गेलेल्या खडकाच्या आहेत, म्हणजे इथेही काम त्याच उष्णतेचं.

पायरी 7: पायी जाणार असाल तर

मुख्य रस्त्यापासून थोडं आत शिरलात तरी अस्वलाचा फवारा, म्हणजे अंगावर येणाऱ्या अस्वलावर मारायचा तिखट फवारा, सोबत हवा. तो कमरेला लावायचा, पाठपिशवीत ठेवलेला ऐनवेळी हाती येत नाही. मुदत तपासा आणि पिन काढायचा सराव आधी करून ठेवा. तिघांनी किंवा अधिकांनी मिळून चाला, वळणांवर मोठ्याने बोला, टाळ्या वाजवा. घंटीचा आवाज पुरत नाही. अस्वल दिसलं तर पळायचं नाही, सावकाश मागे सरकायचं. अंगावर धावून आलंच तर साधारण 60 फुटांच्या आत आल्यावर त्याच्या रोखाने, किंचित खाली फवारायचं. हा फवारा कीटकनाशकासारखा अंगाला किंवा तंबूला लावण्याचा नव्हे.

खाण्याची एकही वस्तू बाकावर किंवा तंबूत सोडू नका, अगदी टूथपेस्टसुद्धा. माणसाच्या अन्नाची चटक लागलेल्या अस्वलाला पुढे बहुतेक वेळा मारावं लागतं.

फवाऱ्याचा डबा विमानात नेता येत नाही, हातातल्या सामानात नाही आणि चेक-इनमध्येही नाही. म्हणून तो तिथे पोचल्यावरच घ्या. दोन-चार दिवसांसाठी भाड्याने मिळतो, तेच बरं. विकत घेतला असेल तर विमानतळाच्या वाटेवर असताना आठवण होईल यावर विसंबू नका. शेवटच्या मुक्कामावरून निघतानाच स्वागतकक्षात विचारा, नुकत्याच आलेल्या एखाद्या कुटुंबाला तो हवाच असतो.